बेकनचे वाटे

शनि., १० जाने.
बेकन पुन्हा महागलं. दुकानात मुंबईच्या बंगलेवाल्यांनी भाव न बघता पाकिटं उचलली. होमस्टेवाला महेश चिकन सॉसेजवर गेला. "ताई, पाव्हण्यांना काय कळतंय!" फिलोमिना आंटींनी पाकीट घेतलं, चष्मा वर करून भाव वाचला, परत फ्रीजमध्ये ठेवलं. "आज नको गं. डॉक्टर ओरडतो." नुसता ब्रेड नेला.
डॉक्टर नेमका आजच ओरडला?

मंगळ., १३
आंटींचाच विचार. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे अंकल घास नुसता तोंडात फिरवतात. शनिवारचं बेकन-अंडं तेवढं मागून खातात. जुन्या भावात द्यावं? ह्यांचं म्हणणं, दे. पण मागे दोन पाव जास्तीचे घातले, तर आंटी पैसे ठेवून गेल्या होत्या. शिवाय हे अंकलसाठी, की मला बरं वाटावं म्हणून?

गुरु., १५
सप्लायरकडे बेकनचा न कापलेला मोठा तुकडा किलोमागे बराच स्वस्त पडतो. महेश हसत म्हणाला, "बोकडाचं वाटं लावतो तसं लावायचं का?" मी हसले नाही. मागवला.

शनि., १७
महेश, आंटी आणि बंगल्यावर स्वयंपाक करणारी सुनंदा. तिघांत सारखे पैसे. महेशने सुरी चालवली, तीन वाटे लावले. एकाने वाट्यावर बोट ठेवायचं, दुसऱ्याने तिकडे पाठ करून नावं घ्यायची. सुनंदा म्हणाली, "तुमी खात नाय ना ताई, मग तुमीच पाठ करा."
केली. समोर फ्रीजची काच. तिन्ही वाटे स्वच्छ दिसत होते. महेशचं बोट भरल्या वाट्यावर आलं. "ह्यो कुणाचा?"
"आंटींचा."

रवि., १८
उदार झाले, पण दुसऱ्यांच्या जिवावर. राहवेना. महेशला फोन करून सांगून टाकलं.
"ताई, काचेत आमाला पण दिसत होतं की. सुनंदानं तर मला कोपर मारलं. राग असता तर बोट हलवलं नसतं का?"
अशी गिऱ्हाइकं मला मिळाली.

शनि., २४
आंटी सगळ्यांच्या आधी हजर. "अंकल खूश. पण विचारतो, त्या दोघांना काय नुसती पुडक्याची दोरी दिलीस? आज पाठ मी करणार." आणि फ्रीजची काच सोडून बिस्किटांच्या रॅककडे तोंड करून उभ्या राहिल्या. महेशने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. आंटींनी नावं पटापट घेतली. सगळ्यात बारका वाटा त्यांच्याच नावावर आला. सुनंदा बदलून द्यायला निघाली, तर तिच्या हातावर चापटी. "गप गं. वाटा म्हणजे वाटा."
कागदात बांधलेला वाटा पिशवीत घातला, दारात थांबल्या. "पुढच्या शनिवारी बघते तुम्हाला!"
अंकलना तेवढं पुरलं का, विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या शनिवारचं मात्र त्या आपण होऊन बोलल्या. सप्लायरला पुढच्या तुकड्यासाठी निरोप धाडलाय, अजून त्याचं उत्तर नाही.