पामसाठी सात अंश

२८ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण : पाम. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला, नोंद नसलेली गोष्ट घडली असं वाटतच नाही. तर नोंद. कॅनरी बेटांवरचा पाम, कुंडीसकट उंची एक मीटर ब्याऐंशी, पानं चौदा, तब्येत उत्तम.

इर्मेलाला लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला इटलीत गार्डा सरोवरावर जायचं होतं. मी जूनमध्ये त्याऐवजी हा पाम आणला. गार्डावर काय असतं? पाणी आणि पाम. पाणी आपल्या नळाला आहे. तिला सांगितलं तेव्हा ती हसली होती. म्हणजे, तोंड उघडलं होतं.

३ ऑक्टोबर
नर्सरीवाल्या ओटचा फोन. म्हणाला, हेर श्वेंक, तुमच्या त्या आल्बच्या पठारावर एप्रिलमध्येसुद्धा पाणी गोठतं, झाड मुकाट्याने माझ्या काचघरात आणून सोडा, मे महिन्यात घेऊन जा. गावातले सगळे तेच करतात. मी म्हटलं, पाम आहे तो, सुट्टीत दुसऱ्याकडे ठेवायचा कुत्रा नाही. ओट म्हणाला, मग निदान एवढं लक्षात ठेवा, भरपूर उजेड आणि पाच ते आठ अंश. गरम खोलीत ठेवलात तर सुकेल, बाहेर ठेवलात तर गोठेल. मला तापमान शिकवतोय! मला!

१९ ऑक्टोबर
पाम आत आणला. पाठीत चमक भरली, पण काम फत्ते. जागेचा विचार पद्धतशीर केला. झोपायची खोली उत्तरेला, म्हणजे अंधारी. स्वयंपाकघर लहान. उरली बैठकीची खोली. दक्षिणेची मोठी खिडकी, उजेडच उजेड. फक्त हीटर बंद करावा लागला. निर्णय एकमताने झाला. इर्मेला बाजारात गेली होती.

२ नोव्हेंबर
बैठकीत सात अंश. सकाळी सात, दुपारी सात, संध्याकाळी सात. असं तापमान राखणं येरागबाळ्याचं काम नाही.

इर्मेला ओव्हरकोट घालून टीव्ही बघते. काल तिने हातमोजेही घातले, आणि ते घालून रिमोटची बटणं दाबता येत नाहीत म्हणून तीन तास एकच कार्यक्रम बघत बसली. हे सगळं मला दाखवण्यासाठी. मग तिने विचारलं, गेब्हार्ड, माझं योग्य तापमान किती, हे कुठे लिहून ठेवलंयस का? मी शांतपणे समजावलं, की माणूस जुळवून घेतो, झाडाला ते जमत नाही.

१६ नोव्हेंबर
इर्मेला बहिणीकडे गेली, गिझेलाकडे, बोडनसे सरोवराकाठी. हवापालट. दोन आठवडे म्हणाली. नेल्या दोन मोठ्या बॅगा, बायकांचं हे असंच. शिवणयंत्रही नेलं. गिझेलाकडे पडदे शिवायचे असतील.

दारात तिने पामच्या एका पानावरून हात फिरवला. माझ्या गालावरूनही फिरवला असता, पण मी थर्मामीटर वाचत होतो.

३० नोव्हेंबर
दोन आठवडे झाले. इर्मेला नसल्याचा फायदा म्हणजे बैठकीचं दार सारखं उघडत नाही, तापमान स्थिर राहतं. डब्यातली मसूर पाच दिवस खाल्ली. पोटासाठी चांगली.

फोन केला. म्हणाली, इकडे अकरा अंश आहेत, लोक बाहेर बसून कॉफी पितात. मी म्हटलं, तुमच्या तिकडच्या काठावर उन्हाळ्यात पामच्या कुंड्या मांडतात, त्या नगरपालिकेच्या असतात. आपला पाम स्वतःचा आहे. मग फोन बंद झाला. लाइन खराब असावी.

१४ डिसेंबर
आज एकदाचं उलगडलं. इर्मेला फोनवर स्पष्ट म्हणाली, त्या खोलीत मी पुन्हा बसणार नाही. म्हणजे अडचण काय? खोलीचं तापमान. निव्वळ तांत्रिक अडचण! उगाच महिनाभर डोक्याला ताप करून घेतला.

उपाय लगेच. आमच्या इमारतीचा जिना. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर मोठी खिडकी आहे, उजेड आहे, सहा ते नऊ अंश. जिन्यात वस्तू ठेवू नयेत असा नियम आहे खरा. अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिला. पण तो सायकली आणि बाबागाड्यांसाठी. पाम यात बसत नाही.

ढकलत नेत असताना तळमजल्याच्या फ्राउ फिस्टरर बाहेर आल्या. वय एकोणऐंशी, जीभ अठराची. म्हणाल्या, माझ्या नातीची बाबागाडी तुम्ही तासाभरात जिन्यातून काढायला लावली होती. हे बाळ कुणाचं? मी म्हटलं, तात्पुरतं आहे. त्या म्हणाल्या, आमचंही तात्पुरतंच होतं, आता शाळेत जातं.

बैठकीतला हीटर चालू. एकवीस अंश. आनंदाची बातमी द्यायला फोन केला. गिझेलाने उचलला. म्हणाली, इर्मेला गाण्याच्या सरावाला गेली आहे. इर्मेला गाते?

२४ डिसेंबर
पार्सल आलं. लोकरीचे पायमोजे, इर्मेलाच्या हातचे, आणि दोन ओळींचं कार्ड. याचे दोन अर्थ निघतात. एक, मला स्वतःची काळजी स्वतः घ्यावी लागणार. दोन, ती येईपर्यंत माझे पाय गरम राहावेत. दुसरा अर्थ धरला. पायमोजे नेमके मापाचे आहेत.

४ जानेवारी, रविवार
फोनवर काही होत नाही. स्वतः जाऊन तिला घेऊन येणार. उद्या सकाळची गाडी. जाताना एक तिकीट, येतानाची दोन.

इमारतीची पूर्ण व्यवस्था लावली. उद्यापासून जिना झाडायची पाळी फ्राउ फिस्टररची, पाळीची पाटी आजच त्यांच्या दाराच्या कडीला लटकते आहे. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. झाडतात बऱ्या, पण खिडक्या उघडायच्या तर दहा मिनिटांत बंद करतात, गुडघे दुखतात म्हणे. दोन वर्षांपूर्वी भिंतीला बुरशी आली ती अशानेच. तेव्हा बैठक घेऊन, सगळ्यांचा विरोध मोडून मी नोटीस लावली होती : ज्याचा आठवडा त्याने जिन्यातल्या सर्व खिडक्या रोज सकाळी सात ते साडेआठ पूर्ण उघड्या ठेवाव्यात, हवामान कसेही असो. सही, गे. श्वेंक.

खाली जाऊन बजावलं, मी गावाला गेलो म्हणून सूट मिळाली असं समजू नका. त्यांनी विचारलं, कडाक्याची थंडी पडणार म्हणतात, तरीही? मी म्हटलं, थंडीतच हवा कोरडी असते, फ्राउ फिस्टरर. नोटीस नीट वाचा.

त्या म्हणाल्या, वाचते.

९ जानेवारी, शुक्रवार
सविस्तर लिहायला हवं.

चार रात्री लॉजवर. इर्मेला दोनदा भेटली, दोन्ही वेळा कॉफीसाठी. नवा कोट घेतलाय, लाल. माझ्या पाठीची चौकशी केली. मी सांगितलं, बैठकीत आता एकवीस अंश आहेत. ती म्हणाली, छान. मी ते होकारार्थी धरलं. आज पहाटे स्टेशनवर दोन तिकिटं घेऊन उभा राहिलो. ती आली नाही. तिला गाडीची वेळ माहीत नसणार. मी सांगितली नव्हती. तिनेही विचारली नव्हती.

घरी पोचलो. बाहेर उणे सोळा. इमारतीचा दरवाजा उघडला तर जिन्यातही उणेच. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. वळणावर पाम, पानांवर पांढरा थर. त्याच्या शेजारी फ्राउ फिस्टरर, दोन शाली, डोक्याला रुमाल, हातात मनगटी घड्याळ.

मी खिडकीकडे धावलो. त्या म्हणाल्या, अजून बारा मिनिटं आहेत, हेर श्वेंक.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. त्यांनी बोटाने नोटीस दाखवली. म्हणाल्या, पाच दिवस, सात ते साडेआठ, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. गुडघ्यांची वाट लागली माझ्या. मी विचारलं, झाड दिसलं नाही तुम्हाला? त्या म्हणाल्या, दिसलं की. रोज बघत होते. पण नोटिशीत झाडाचं काही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचली.

नोटीस पुन्हा वाचली. चूक सापडली नाही.

१० जानेवारी
ओटला फोन केला. त्याने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही, त्यामुळे जास्त राग आला. म्हणाला, मधला उभा कोंब धरून हलकेच ओढा. घट्ट असला तर जगेल. हातात आला तर संपलं.

ओढला नाही. झाडाला आत्ता विश्रांतीची गरज आहे.

२० जानेवारी
पानांच्या रंगात बदल. हिरव्याकडून तपकिरीकडे. ऋतुमानानुसार असावा.

इर्मेलाचा फोन. झाड कसं आहे विचारलं. स्थिर आहे म्हटलं.

११ फेब्रुवारी
कोंब न ओढण्याची कारणं : एक, ओढल्याने मुळाला इजा होऊ शकते. दोन, तपासणी करायची तर योग्य हवामानात करावी, हा आमच्या खात्याचा दंडक. तीन, घाई कशाची आहे?

इर्मेलालाही अजून ‘परत कधी येणार’ असं थेट विचारलेलं नाही. तिथेही घाई करण्यात अर्थ नाही.

५ मार्च
पाटी या आठवड्यात माझ्या कडीला. वळणावर झाडत असताना फ्राउ फिस्टरर वर आल्या. म्हणाल्या, राग मानू नका, पण कुंडीमागे उंदीर मेलाय का? खालपर्यंत वास येतो.

मग कोंब धरला. ओढावा लागला नाही. हातात आला. खालचं टोक काळं, बुळबुळीत. वास त्याचाच.

पायरीवर बसलो. रडू आलं. आई गेली तेव्हाही आलं नव्हतं इतकं आलं. फ्राउ फिस्टरर एक पायरी खाली बसल्या, गुडघे धरून, सावकाश. म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, बंद करावी खिडकी. पण तुम्ही त्या दिवशी माझ्याशी जसे बोललात ना, हेर श्वेंक, हात पुढे होईना. मी म्हटलं, नियम तुम्ही बरोबर पाळलात. त्या म्हणाल्या, तेच तर.

थोड्या वेळाने त्या उठल्या, वर माझ्या दारापर्यंत गेल्या, माझ्या कडीची पाटी काढली आणि खाली नेऊन स्वतःच्या दाराला लावली. असं करायला नियमात कुठेही परवानगी नाही. मी ती परत आणली नाही.

७ मार्च, शनिवार
इर्मेलाला फोन केला. अडसर दूर झाला, हे तिला कळायला हवं होतं. सांगितलं, पाम मेला. जानेवारीतच मेला. आता खोली गरम आहे, जिनाही मोकळा आहे, आता न येण्याचं काही कारण उरलेलं नाही.

ती म्हणाली, अरेरे. मनापासून म्हणाली. मग म्हणाली, गेब्हार्ड, मी त्या झाडामुळे गेले असं तुला अजून वाटतं?

मी विचारलं, मग कशामुळे?

ती म्हणाली, सांगते, पण मधे बोलायचं नाही. मी म्हटलं बरं. ती चाळीस मिनिटं बोलली. चिडली नाही, रडली नाही, सालं आणि ठिकाणंसुद्धा सांगितली. मला त्यातली निम्मी आठवली नाहीत. शेवटी मी विचारलं, परत कधी येणार? ती म्हणाली, येणार नाही, आणि तब्येत सांभाळ म्हणाली.

चाळीस मिनिटांत पामचा उल्लेख एकदाच आला. ते झाड मला आवडायचं, म्हणाली.