आभासी गल्लीची वाटणी

स्वस्ति. सकलनेत्रदोषनिवारक, बहिर्वक्र-अंतर्वक्र-भिंगाधिपती, तिरळ्यांचे आश्रयस्थान, गल्लीतील एकमेव वातानुकूलित चष्मागृहाचे संस्थापक-संचालक-रोखपाल, व्यापारी मंडळाचे एकदा बिनविरोध निवडून आलेले व एकदा बहुमताने पाडलेले उपाध्यक्ष, अदृश्य-भूखंड-चक्रवर्ती, एकशे चाळीस आभासी नामांचे एकमेव स्वामी, विवाहित व स्थूल असा मी, खाली सही करणारा, हे माझे अखेरचे इच्छापत्र कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. दडपण आणण्याइतका रस माझ्यात कोणी घेतलेला नाही, हेही येथे नमूद करतो.

कलम १. पुढील आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलण्यात येणार आहे. शल्यविशारद म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही," आणि त्याच श्वासात, "कागदपत्रं मात्र करून ठेवा." माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत कुटुंबात मतभेद आहेत. परंतु ते फार जुने असून झडपेशी त्यांचा संबंध नाही. वकिलाने बजावले आहे की खाडाखोड केलेले मृत्युपत्र न्यायालयात संशयास्पद ठरते. सबब, एकदा लिहिलेले मी खोडणार नाही. मत बदललेच तर पुढे नवे कलम लिहीन, आणि दोहोंत विरोध आल्यास नंतरचे ग्राह्य धरावे.

कलम २. दुकानावरील दोन खोल्या, सज्जा आणि गळकी पाण्याची टाकी माझ्या पत्नीस तहहयात द्यावी. मोठे कपाटही तिचेच, आतल्या आरशासकट. त्या आरशाशी तिचे आता विशेष काम उरलेले नाही, तरी तो काढताना कपाट फुटेल म्हणून राहू द्यावा.

कलम ३. आता माझ्या खऱ्या इस्टेटीकडे वळतो. माझे तीर्थरूप पाट्या रंगवीत असत. या गल्लीतील प्रत्येक दुकानाची पाटी त्यांच्या हातची. भिंतींना गिलावा होण्यापूर्वीच ते पाटी टांगून मोकळे होत, आणि कालांतराने त्या पाटीखाली दुकान खरोखर उभे राही. हा संस्कार माझ्या अंगात मुरलेला असताना, काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी डोळ्यांवर व्हीआरची, म्हणजे आभासी जग दाखवणारी, पेटी चढवली. क्षणार्धात मी समुद्रतळाशी उभा होतो व एक मासा माझ्या नाकासमोरून गेला. मनुष्यजात नाकावर काच वाहण्यास राजी असते, हे माझ्या व्यवसायाचे आद्य सत्य. काच किंचित मोठी झाली तर कोण कुरकुरेल? उद्या सारा बाजार या पेटीत भरणार, आणि त्या बाजारात प्रत्येकाला पाटी लागणार, हे मी तेथल्या तेथे ताडले.

त्या बाजारातील पाटीस डोमेन म्हणतात. आधी नोंदवील त्याचे ते नाव. मात्र दरवर्षी शुल्क भरून नूतनीकरण न केल्यास ते बेवारस होते. मी गल्लीच्या तोंडापासून चालत निघालो आणि तीर्थरूपांनी रंगवलेली एकेक पाटी वाचत, तिच्याआधी व्हीआर जोडून, ते नाव माझ्या नावे करून घेतले. व्हीआर-शिंपी. व्हीआर-केशकर्तनालय. व्हीआर-दंतवैद्य. व्हीआर-छत्री-दुरुस्ती. गल्ली संपली तेव्हा मी पुढच्या गल्लीत शिरलो. एक दिवस हे सर्व दुकानदार हात जोडून माझ्या उंबऱ्याशी उभे राहतील आणि मी त्यांना बाकावर ताटकळत ठेवीन, या एका दृश्यावर मी इतकी वर्षे जगलो आहे.

कोणीही आलेले नाही. ग्राहकवर्गाकडून पेटीचा अंगीकार मंद आहे, असे तज्ज्ञ लिहितात. पुढील वर्ष निर्णायक ठरेल, असेही ते दरवर्षी लिहितात, आणि मी दरवर्षी शुल्क भरतो.

कलम ४. अंगीकारास वेग यावा म्हणून मी एक पेटी विकत घेऊन दुकानातील तपासणीच्या खुर्चीपाशी ठेवली. वरच्या मजल्यावरील निवृत्त गणितशिक्षक हे पहिले मानकरी. त्यांस मी कड्याच्या टोकावर उभे केले. ते "अहो धरा, धरा मला!" असे ओरडत चौकटींच्या मांडणीस मिठी मारून तिच्यासह आडवे झाले. उठल्यावर म्हणाले, "मला फक्त वर्तमानपत्र वाचायचंय हो!" दुसऱ्या मानकऱ्याने माझ्या चौकटींच्या तबकात सकाळची न्याहारी परत केली. तिसऱ्या मानकरी बाईंनी केस विस्कटल्याबद्दल भरपाई मागितली.

माझी कन्या, जी शिकूनसवरून दृष्टितपासनीस झाली व तेव्हापासून दुकान सांभाळते, तिने त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकास पेटीबद्दल विचारण्याचा उद्योग आरंभला. महिन्याअखेरीस ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बाबा, चष्मा लोक हौसेनं नाही लावत. दिसत नाही म्हणून लावतात. या पेटीवाचून कुणाचं काय अडलंय ते एकानंही मला सांगितलं नाही. सोडून द्या ना ती नावं."

हे ती माझे धाकटे बंधू जेवायला बसलेले असताना म्हणाली. बंधूंना घरात शंकासुर म्हणतात. ते बँकेतून निवृत्त झाले असून रोज आमच्याकडे जेवतात, व पहिला घास घेण्यापूर्वी विचारतात, "काय दादा, आलं का भविष्य? की अजून वाटेत आहे?" त्या दिवशी त्यांना हसता हसता ठसका लागला. दुर्दैवाने पाणी जवळच होते.

सदर पेटी मी पत्नीस देतो, जेणेकरून माझ्या तसबिरीकडे न पाहण्याची तिची सोय व्हावी. हे तिला तोंडी कळवले असता ती म्हणाली, "राहू दे. तुमच्याकडे न बघायची सवय मला फुकटात लागलीय."

कलम ५. दुकान, त्यातील तपासणीची खुर्ची, भिंग घासण्याचे यंत्र, चौकटी, चाचणीच्या भिंगांची पेटी आणि गिऱ्हाइकांचा विश्वास हे सर्व माझ्या कन्येस मिळावे. हे दुकान तिच्यावाचून चालत नाही, हे मला ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे की नाही याची मी कधी चौकशी केली नाही, कारण मग पगाराचा विषय निघाला असता. तिला पगार द्यावा असे दरवर्षी माझ्या मनात येते. परंतु नूतनीकरणाची मुदत नेमकी त्याच महिन्यात येते.

अट एकच. एकशे चाळीसही नावांचे नूतनीकरण तिने दरवर्षी, मुदतीपूर्वी, दुकानाच्या उत्पन्नातून करावे. एकही नाव सुटल्यास दुकान तत्क्षणी माझ्या धाकट्या बंधूंकडे जावे.

नूतनीकरणाच्या वेळी ज्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो, तो क्रमांक, सिमकार्डासह, मी बंधूंना देतो.

म्हणजे दरवर्षी एक दिवस माझी कन्या काकांच्या दारी उभी राहील व म्हणेल, "काका, ओटीपी सांगता का?" आणि तो न सांगितल्यास दुकान ज्यांचे होणार, ते शंकासुर दाराआडून म्हणतील, "थांब हं, चष्मा कुठे ठेवलाय बघतो." ही तरतूद मी तीन दिवस घोटली आहे. कन्या हरावी असा माझा हेतू नाही. पेटीबाबत ती बरोबर होती, आणि दरवर्षी तिने स्वतःच्या हाताने पैसे भरून ते नाकारावे, एवढीच माझी नम्र इच्छा आहे.

कलम ६. गल्लीतील प्रत्येक दुकानदारास माझ्या निधनानंतर एक पत्र जावे, की त्याच्या दुकानाचे आभासी नाव माझ्या कुटुंबाच्या ताब्यात असून ते त्यास कोणत्याही किमतीस मिळणार नाही. केशकर्तनकारास हे पत्र दोनदा पाठवावे. उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याने माझे डोके हातात असताना मला मत देण्याचे वचन दिले व दुसऱ्याला दिले.

कलम ७. येथून पुढे अक्षर मोठे व वेडेवाकडे दिसेल. कारण असे. आज दुपारी माझ्या चष्म्याची डावी काडी सैल झाली. दुकानात चौकटी शेकड्याने आहेत, परंतु माझ्या नंबरची काच त्यांपैकी एकीतही नाही; माझा डावा डोळा हा निसर्गाने वैयक्तिक आकसाने घडवला आहे. कन्येने चष्मा घेऊन काडी सुटी केली, बारीक स्क्रू काढून बाजूस ठेवला. सही करण्यापूर्वी मसुदा एकदा वाचून घेणे कायद्याने आवश्यक. चष्म्यावाचून मला तो वाचता येईना. बंधू झोपले होते. पत्नी ऐकू न आल्याचे ऐकवत होती. सबब मी कन्येस म्हणालो, "ते राहू दे गं. आधी हे वाचून दाखव."

तिने उभ्यानेच वाचले. स्पष्ट, स्वल्पविरामांसह. कलम पाचच्या अखेरीस थांबली नाही. न्हाव्याचे पत्रही वाचले. मग कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले.

"हे कधी लिहिलंत?"

"तीन दिवस लिहितोय."

"म्हणजे मी तुमच्या ऑपरेशनचा फॉर्म भरत होते तेव्हा."

"त्या सुमारास."

"दुकान काकांना द्या," ती म्हणाली. "नावं तुम्ही तुमच्याबरोबर न्या. मी कुणाच्या दारात ओटीपी मागायला उभी राहणार नाही."

"अगं, अट आहे, शिक्षा नाही," मी म्हणालो.

"बाबा, मी रोज शंभर माणसांचे डोळे बघते. मला फरक कळतो."

एवढे बोलून तिने चाचणीच्या भिंगांची पेटी उचलली. मी आक्षेप घेतला की ती कलम पाच अन्वये इस्टेटीत समाविष्ट आहे. तिने पेटीचे झाकण उघडून आतली पावती दाखवली. पेटी तिने महाविद्यालयात मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेतून घेतली होती. मी ती इतकी वर्षे माझीच समजत होतो. समोरच्या रांगेतील शिंप्याचा रिकामा गाळा तिने पाहून ठेवला आहे, हे मला औषधविक्रेत्याकडून कळले. तो व्हीआर-शिंपी. खरा शिंपी केव्हाच गाव सोडून गेला.

कलम ८. बंधूंस जागे करून सांगितले की दुकान आता त्यांचे. ते उठून बसले आणि म्हणाले, "पोरगी राहतेय ना?"

"नाही."

"मग मला काय देतोयस दादा? चार आरसे नि एक वर-खाली होणारी खुर्ची? गिऱ्हाईक तिच्याकडे येतं. तू गल्ल्यावर बसतोस म्हणून ते मुकाट सहन करतं." मग त्यांनी विचारले, "समोर गेल्यावर ती जेवायला वरच येईल ना? म्हणजे रात्रीचं जेवण इथेच आहे का, ते मला कळायला हवं."

कलम ९. अखेरचे व ग्राह्य कलम. कन्या नाकारते, बंधू नाकारतात. तेव्हा दुकान कोणासही मिळू नये. माझ्या मृत्यूनंतर ते विकावे, आणि येणाऱ्या रकमेतून एकशे चाळीस नावांचे नूतनीकरण ती रक्कम संपेपर्यंत करीत राहावे. विकताना एक अट घालावी: खरेदीदाराने तेथे चष्म्याचे दुकानच चालवावे, व कन्येच्या गाळ्यापेक्षा प्रत्येक काच स्वस्त विकावी. माझ्यावर प्रेम करणारे कोणी असल्यास त्याने या कलमाची अंमलबजावणी पाहावी. नसल्यास वकिलाने पाहावी, त्यास शुल्क मिळणार आहे.

पत्नीने हे कलम माझ्या खांद्यावरून वाचले. इतक्या वर्षांत तिने माझे लिहिलेले प्रथमच काही वाचले. ती म्हणाली, "पोरगी समोर गेली तरी तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी तीच येणार आहे दवाखान्यात. सही तिचीच लागणार." मी म्हणालो, ते मला माहीत आहे. ती म्हणाली, "मग हे पान खोडा." मी तिला कलम एक दाखवले. नवे कलम लिहिता येते, हेही त्याच कलमात आहे, असे ती म्हणाली. त्यावर मी तिला चहा टाकण्यास सांगितले. तिने तो टाकला नाही.

साक्षीदार:

एक. शेजारील औषधविक्रेता. सही करताना उद्गारला, "एवढं विषारी तर मी कपाटाला कुलूप लावून ठेवतो हो." उद्गार नोंदवून घेतला.

दोन. वरच्या मजल्यावरील निवृत्त गणितशिक्षक. यांनी मजकूर वाचला नाही, फक्त विचारले, "ती पेटी आसपास नाही ना?" व नाही अशी खात्री झाल्यावर सही केली.

लिहून देणार: मी, वर वर्णिलेला, सर्व पदव्यांसह.

स्थळ: दुकानाचा मागील कक्ष, तपासणीच्या खुर्चीवर.

दिनांक: यंदाच्या नूतनीकरणाच्या मुदतीचा आदला दिवस.

ता.क. उद्या शुल्क भरताना मोबाइलवर ओटीपी येईल. तो वाचण्यासाठी मला चष्मा लागेल. काच आहे, चौकट आहे, डावी काडीही आहे. तिने बाजूस ठेवलेला स्क्रू सापडत नाही. कन्या ते बारीक स्क्रू कुठे ठेवते हे मी तिला कधी विचारले नाही, कारण ती नेहमी तेथेच असे. दोन खण पाहिले. त्यांत स्क्रू अनेक आहेत, सर्व एकमेकांसारखे, आणि माझा कोणता हे ठरवण्यासाठी चष्मा लागतो. समोरच्या गाळ्यात दिवा लागलेला दिसतो आहे. तिने पाटी अजून टांगलेली नाही. मी तेथे जाणार नाही. परंतु ओटीपी दहा मिनिटेच टिकतो, आणि मला तीन आणि आठ यांतला फरक दिसत नाही, याबाबत कोणी काही करणार आहे की नाही?