क्वार्टरमधली वाईन

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून भाड्याच्या खोलीतच राहते. शिरूरची ती खोली नव्हे, तिच्यानंतरची कितवी तरी. गोष्टी लिहिते, त्या परत येतात, मग मी खोली बदलते, जशी काही चूक भिंतींचीच होती. आजही गोष्टच लिहायला बसले होते. पहिल्याच ओळीत दौंडचं रेल्वे क्वार्टर आलं, मागोमाग तुम्ही आलात, आणि मग तुम्हाला दुसऱ्या कुणाचा तरी बाप करून लिहिणं मला जमेना. म्हणून सरळ तुम्हालाच लिहितेय.

तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षीचा मार्च महिना आहे. मी कंपनीच्या सुट्टीला शिरूरहून एसटीनं आलेय आणि दारातच वास येतोय, गोडसर, आंबूस. आई जाऊन दोन वर्षं झालीत, घरात फोडणीचासुद्धा वास राहिलेला नाही, आणि हा कसला? तुम्ही इंजिनांच्या शेडमधून आलेले, शर्टाच्या बाह्या वर, आईच्या लोणच्याच्या बरणीपुढं बसलेले. बोटं जांभळी. शेजारच्या आंटींनी तुम्हाला कामाला लावलं होतं. कॉलनीतल्या ख्रिश्चन बायका दरवर्षी काळ्या द्राक्षांची वाईन घालायच्या, नाताळात चर्चच्या आवारात टेबल मांडायच्या, आणि जमतील ते सगळे पैसे स्टेशनजवळच्या निवाऱ्याला द्यायच्या. फलाटावर झोपणारी म्हातारीकोतारी तिथं रात्रीपुरती आत यायची. त्या वर्षी आंटींना बरण्या कमी पडल्या. त्या बरणी मागायला आल्या आणि तुम्ही म्हणालात, बरणी कशाला नेता, मीच घालतो.

आणि घातलीतही, पण आईच्या पद्धतीनं. तोंडाला फडकं, वर झाकण, दोरीचे आवळून वेढे, आणि कडेनं कणकेचा लेप. "हवा लागली म्हंजी नासतं," तुम्ही मला समजावलं होतं. तिसऱ्या दिवशी आपण जेवायला बसलो होतो तेव्हा फाडकन आवाज झाला. झाकण छताला, बरणीला उभी चीर, आणि चुन्याच्या भिंतीवर सगळीकडं लाल शिंतोडे. आंटी धावत आल्या. आधी भिंत बघितली, मग तुम्हाला, मग खालीच बसल्या.

"अरे भाऊ, ये अचार नहीं है. इसको साँस लेना मंगता."

"मग आधी सांगायचं."

"बोली थी ना, कपडा बांधो."

"बांधलं की."

"और ऊपर से चपाती भी बांधी."

तुम्ही तोंड उघडून हसलात. आई गेल्यावर पहिल्यांदा. मी हातातला घास तसाच धरून बघत बसले होते.

मग दुसरी बरणी आली, पुन्हा द्राक्षं, साखर, मूठभर गहू, दालचिनी. या वेळी नुसतं पातळ फडकं, तेही सैल. ड्युटीला जायच्या आधी आणि आल्यावर तुम्ही लाकडी पळीनं ढवळायचात. जूनमध्ये तुम्ही रिटायर होणार होता. क्वार्टर सोडायचं होतं आणि गावी, न्हावऱ्याला, काका खोली देणार होते. घर काकांनी बांधलेलं, जागा तेवढी आज्याची. पुढच्या सुट्टीला मी आले तेव्हा काका तेच बोलायला आले होते, कांद्याची पिशवी घेऊन. बसायच्या आधीच त्यांनी भिंत बघितली.

"दादा, हे काय घातलंय?"

"द्राक्षं."

"मला वास कळतोय. माळ हाय माझ्या गळ्यात."

"मग तुला कोण पाजतंय?"

"हसन्यावारी नेऊ नगा. गावात कळलं तर म्हणत्याल, ह्याचा भाऊ दौंडात दारू गाळतो. आधी हे वतून द्या. मग खोलीचं बोलू."

तुम्ही ढवळतच होतात. "आपली मेंढरं लोकांच्या रानात बसायची," तुम्ही म्हणालात. "मेंढरं बसतील तिथं आपुन निजायचो. कुणी ऊठ म्हणलं असतं, तर कुठं गेलो असतो?"

"त्ये येगळं. रानाला खत मिळायचं त्यांच्या."

"फलाटावर निजत्यात त्यांच्याकडं मेंढरं न्हाईत. येवढंच येगळं."

काका माझ्याकडं बघून तुम्हाला म्हणाले, "आन् जानार कुठं? लगीन न झालेल्या पोरीच्या घरी ऱ्हानार?"

"बघू," तुम्ही म्हणालात. "आंटीला शब्द दिलाय."

मी चहा टाकला होता. काका तो न घेताच उठले. कांदे मात्र दारात ठेवून गेले.

जून संपता संपता तुमची ट्रंक माझ्या शिरूरच्या खोलीत आली. घरमालकिणीला तुम्हीच सांगितलंत, थोडे दिवस आहे. ट्रंक तुम्ही कधी रिकामी केलीच नाही. रोज सकाळी अंथरुणाची घडी, कपड्यांची घडी, सगळं परत आत. गॅलरीत झोपायचात, छताखाली झोप येत नाही म्हणून. मी कंपनीतून यायची तेव्हा भाकरी झालेली असायची, तुमच्या हातची, जाडजूड, कडा करपलेली. आपण समोरासमोर बसून खायचो आणि फारसं बोलायचो नाही. मी ओट्यावर कागद पसरून लिहायला लागले की तुम्ही बाहेर जाऊन उभे राहायचात. "अडचण व्हतीय का गं तुला?" मी मान न उचलता "नाही" म्हणायची.

नाताळात आपण दौंडला गेलो. आंटींनी तुम्हाला टेबलामागं उभं केलं. देणगी द्यायची, बाटली न्यायची. कुणीतरी विचारलं, कशी झालीय? तुम्ही म्हणालात, "मला काय म्हाईत? मी घेत न्हाई." आंटींनी तुम्हाला हाताला धरून बाजूला केलं. "भाऊ, आप गिऱ्हाईक भगाता है." संध्याकाळी त्या आपल्याला निवारा दाखवायला घेऊन गेल्या. तुम्ही दारातूनच बघितलंत. आत एक म्हातारी भिंतीकडं तोंड करून झोपली होती, चपला उशाशी घेऊन. आंटी दिवा लावायला निघाल्या तर तुम्ही म्हणालात, निजू द्या.

परत येताना एसटी न्हावऱ्याला थांबली. स्टँडवर ओळखीची माणसं होती. तुम्ही पलीकडच्या खिडकीकडं बघत बसलात.

"काका निवळतील," मी म्हणाले.

"तवर तुला तरास," तुम्ही म्हणालात.

काका निवळले नाहीत. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात, गॅलरीतच, झोपेत. ट्रंक भरलेली होती, नुसती उचलून न्यायची.

हे पाकिटात घालणार नाही. वर पत्ता काय लिहू? पण तुम्ही शेवटपर्यंत समजत होता की एका शब्दापायी तुमचं ओझं माझ्यावर पडलं, ते तसं नव्हतं. तुम्ही येण्याआधी शिरूरच्या त्या खोलीचं कुलूप संध्याकाळी उघडायचंच मला नको व्हायचं. काका आले त्या दिवशी क्वार्टरमध्ये मी शेगडीकडं तोंड करून उभी होते, तुम्हा दोघांकडं पाठ करून. काका चहा न घेता गेले, तेव्हा मला बरं वाटलं होतं.