आवृत्ती दोनच्या खाली

सोमवार, १ सप्टेंबर

पुन्हा स्क्रीनवर लाल अक्षरं. पावसाच्या प्रोग्रॅमला, म्हणजे पॅकेजला, तयार गणितांच्या लायब्ररीची आवृत्ती दोन किंवा वरची हवी. उताराच्या पॅकेजला दोनच्या खालचीच चालते. त्यांना यंत्रावर बसवणारा इन्स्टॉलर दोघांकडे बघतो आणि हात वर करतो. मी पण केले असते, पण मला पगार आहे.

पाणी किती मुरलं ते पहिलं पॅकेज सांगतं, त्या पाण्याने डोंगर कुठे खचेल ते दुसरं. दोन्ही मिळून नकाशा. लाल म्हणजे धोका, पांढरं म्हणजे झोपा निवांत. इतके दिवस दोन वेगळ्या यंत्रांवर चालवत होतो, काही अडत नव्हतं. आता साहेबांना एकाच यंत्रावर एकच बटण हवंय. मी म्हटलं, एका यंत्रावर दोघांना वेगळ्या खोल्या देते, एकाचे आकडे दुसऱ्याला फाइलीतून पोचवते. तर म्हणाले, "मंत्र्यांसमोर मी दोनदा बटण दाबू?"

उताराचं पॅकेज महाशयांचं. महाशय म्हणजे माझा माजी नवरा. संस्था सोडली त्याच वर्षी मलाही सोडलं. पॅकेज मात्र सोडलं नाही, अजून एकटाच सांभाळतो. 'दोनच्या खाली' ही अट त्याचीच. का? एक ओळ लिहिलेली नाही. घरातून गेला तेव्हा तरी कुठे काही सांगितलं होतं!

मंगळवार, २ सप्टेंबर

साहेब: "मॅडम, एक फोन करा की. तुमच्या घरातलाच माणूस."

होता, साहेब. होता.

गुरुवार, ४ सप्टेंबर

नवरा गेला, सासू राहिली — लोकांना गंमत वाटते. सासूबाईंना लेकाचं नवं घर मानवत नाही, तिथल्या सोफ्यावर बसलं की उठता येत नाही म्हणतात. माझ्याकडची लाकडी खुर्ची बरी. मलाही त्या बऱ्या. भांडायला कोणीतरी लागतं.

आज भाजी निवडताना म्हणाल्या, "कर ना फोन. बोलल्याने अंगाला भोकं पडत नाहीत."

"त्याने एकदा तरी केला का, आई?"

"तो माझ्यावर गेलाय. तू शहाणी आहेस ना?"

शहाणपण नेहमी माझ्याच वाट्याला! नाही करणार फोन. त्याच्या अटींवर अर्धं आयुष्य काढलं, पुरे झालं.

शनिवार, ६ सप्टेंबर

केलं! त्याच्या पॅकेजची प्रत काढली आणि अट पुसून टाकली. काही अक्षरं फक्त. इन्स्टॉलर गुमान चालला. चाचण्या सगळ्या हिरव्या. म्हणजे इतकी वर्षं ही अट उगाचच होती — नुसता हेका! मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात एकटीच हसले. वॉचमन दारातून डोकावून गेला.

प्रतीला नाव दिलं 'तात्पुरती'. साहेबांना सांगितलं, अजून पडताळलेली नाही, फक्त बसते एवढंच दाखवतेय. "हो, हो," म्हणाले. साहेबांचं 'हो, हो' म्हणजे कान बंद असल्याची खूण.

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रात्यक्षिक झालं. 'तात्पुरती'वरच. मला दालनाबाहेर बसवलं होतं, टाळ्या ऐकू आल्या.

डोंगराखालच्या वस्तीतल्या लोकांना हलवायचं ठरत होतं, कारण जुन्या नकाशात ती लाल होती. आजच्या नकाशात पांढरी. मंत्र्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, कोणाला घर सोडायची गरज नाही. साहेबांनी बाहेर येऊन माझा हात हातात घेतला. "तुमच्यामुळे, मॅडम!"

गुरुवार, ११ सप्टेंबर

खालच्या वस्तीतले मास्तर रोज सकाळी शाळेच्या अंगणातल्या पर्जन्यमापकाचा आकडा फोनवर सांगतात. आज म्हणाले, "बाई, आम्ही पांढरे झालो म्हणे! पाऊस तर तसाच कोसळतोय. डोंगराला मंत्र्यांचं कळलं काय?"

मी हसले. फोन ठेवला आणि हसू जिरलं. आकडा आदल्या आठवड्यापेक्षा जास्त होता. पाऊस वाढला आणि धोका कमी झाला?

चाचण्या उघडून बघितल्या. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो का, एवढंच त्या तपासतात. उत्तर बरोबर आहे का, हे विचारतच नाहीत. हिरवं बघून नाचले मी!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

केला फोन. सासूबाईंच्या मोबाइलवरून, माझा उचलला नसता तर अपमान नको म्हणून.

"हं, आई, बोल."

"मी बोलतेय. दोनच्या खाली का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाला, "तू अट काढलीस का?"

"का, ते सांग आधी."

"नवी आवृत्ती काही ठिकाणी दशांश लवकर तोडते. एका बेरजेत केसाएवढा फरक पडतो. पण माझ्या कोडमध्ये ती बेरीज हजारो वेळा होते. उतार आहे त्यापेक्षा पक्का दिसायला लागतो."

"हे लिहून ठेवायला काय झालं होतं?"

"कोणी विचारलं कधी?"

"विचारायला लागू नये म्हणूनच लिहितात रे!"

"तू तरी कुठे विचारलंस? पुसून मोकळी झालीस."

फोन मी आपटला. आपटायला तो माझा नव्हता हे नंतर लक्षात आलं. सासूबाईंनी मोबाइल उचलला. काच बोटाने पुसून बघितली फक्त.

शनिवार, १३ सप्टेंबर

दोन्ही पॅकेजं वेगळी बसवली, ज्याला त्याला आपली आवृत्ती, मध्ये फाइल. एक सकाळ लागली. एक सकाळ! खालची वस्ती लालभडक.

साहेबांच्या घरी गेले. दारातच म्हणाले, "जाहीर झालंय, मॅडम. आता मी काय सांगू, आमचा दशांश चुकला?" चहा विचारला. नको म्हटलं.

घरी न जाता ऑफिसला आले आणि मास्तरांना फोन केला. वस्ती सोडा, आजच. ते म्हणाले, "कुठे जाऊ एवढे लोक घेऊन?" मी दुरुस्त नकाशावर पांढरा भाग शोधत बोट फिरवलं. ओढ्यापलीकडे एक रिकामं गोदाम आहे, तिथे जा म्हटलं. "हुकूम कोणाचा सांगू?" "माझा." आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द असा वापरला.

संध्याकाळी त्यांचा फोन. सगळे पोचले. म्हाताऱ्या माझ्या नावाने बोटं मोडतायत.

सोमवार, १५ सप्टेंबर

डोंगर हलला नाही.

साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. पडताळणीशिवाय अट कोणी काढली? प्रतीवर माझं नाव आहे. हुकूम कोणी दिला? तोही माझाच. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर, त्यांचं काम सोपं झालं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

गोदामात पोरांना खोकला लागलाय, छपरातून गळतंय. मास्तर पहिल्यांदाच चिडले. "बाई, लोक मला विचारतात. तुम्हाला नाही विचारत."

महाशयांचा एका ओळीचा निरोप: 'अटीचं कारण फाइलमध्ये लिहिलंय.' आता! वरात निघून गेल्यावर घोडं दाराशी. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्याची माफी एवढीच असते." मला माफी नको होती. मला ती ओळ वेळेवर हवी होती. आणि मी? माझ्या एका फोनला किती दिवस लागले?

बुधवार, १७ सप्टेंबर

साहेब स्वतः गोदामावर गेले. सोबत कॅमेरेवाले. लोकांना म्हणाले, एका कर्मचाऱ्याच्या घबराटीमुळे तुम्हाला त्रास झाला, आपापल्या घरी जा. संध्याकाळपर्यंत गोदाम रिकामं झालं.

मी मास्तरांना फोन करून थांबवायला बघितलं, हात जोडते म्हटलं. ते म्हणाले, "बाई, आता नाही कोणी ऐकणार." वाईट वाटत होतं त्यांना, आवाजात कळलं.

मला कामावरून बाजूला केलंय. किल्ल्या दिल्या. सासूबाईंनी जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिल्या. त्या माणसांना परत डोंगराखाली नेऊन बसवलं. काही झालं तर मी त्या साहेबाला सोडणार नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दुपारी डोंगर आला. वस्तीवर नाही — ओढ्यापलीकडे. गोदाम पूर्ण गाडलं गेलं. आत कोणी नव्हतं.

गोदामावरचा तो उतार दोन्ही नकाशांत पांढरा होता.