हिरवी की ठिपक्यांची?

३ नोव्हेंबर, रविवार
लेकीचा फोन. तिच्या सासऱ्यांनी विचारलंय, तुझे बाबा पक्षी बघतात का? हो म्हणालो. (बाल्कनीतली कबुतरं बघतोच की.) पुढच्या रविवारी व्याह्यांबरोबर तळ्यावर. दोन वर्षांत आम्ही हवापाण्यापलीकडे बोललेलो नाही. लेक खूश. संकल्प: आठवड्यात पक्षीतज्ज्ञ होणे.

५ नोव्हेंबर
पुस्तक आणलं. तळ्याकाठच्या चिखलात तुतवार नावाचा पक्षी असतो. जाती दोन. हिरवी तुतवार: पाय हिरवट, पंख खालून काळपट. ठिपक्यांची: पाय पिवळट, डोळ्यावर लांब पांढरी भुवई. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

७ नोव्हेंबर
हिरवी तुतवार हिरवी नाही, तपकिरी आहे. ठिपके दोघींनाही आहेत. बायकोने नावं झाकून परीक्षा घेतली. दहापैकी चार. छपाई फिकी आहे.

९ नोव्हेंबर
दहापैकी नऊ! बायको म्हणते, चित्रांचा क्रम पाठ झालाय. दुर्लक्ष.

१० नोव्हेंबर, रविवार
व्याह्यांची वही. अकरा हिवाळे, दर रविवारची मोजदाद. मग हळूच म्हणाले, त्यांना आता नजरेच्या मधोमधचं दिसत नाही, डॉक्टरांनीही हात टेकलेत. घरी बोललेले नाहीत. मी सांगायचं, त्यांनी लिहायचं.
समोर तेवीस पक्षी. सगळ्यांच्या पायांचा रंग: चिखल. ठणठणीत आवाजात सांगितलं, हिरव्या चौदा, ठिपक्यांच्या नऊ. त्यांनी चाचपडत लिहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

११ नोव्हेंबर
अकरा वर्षांची खरी वही मी एका सकाळी नासवली. अर्थात चौदा आणि नऊ असूही शकतील.

१४ नोव्हेंबर
लेकीचा फोन. सासरे बऱ्याच महिन्यांनी गुणगुणत होते म्हणे. तिच्या बाबांची नजर नेमकी आहे म्हणाले. आता सांगायचं कसं?

१७ नोव्हेंबर, रविवार
सांगून टाकलं. त्यांनी वही माझ्यापुढे उघडली. मग म्हणाले, "त्या रविवारी तुम्ही आकडे फार पटकन सांगितलेत. मला अकरा वर्षांत इतकं पटकन कधी जमलं नाही."
मागचे आकडे मला खोडायला लावले. पेन माझ्याकडेच ठेवायला सांगितलं.
दीड तास दुर्बीण. तुतवारी एकोणीस. हिरव्या किती: शंका. ठिपक्यांच्या किती: शंका. एक डोक्यावरून उडाली. पंख खालून काळे होते का, त्यांनी विचारलं. माहीत नाही, म्हटलं.
"तसं लिहा," ते म्हणाले.