आईचा भिडू

अलिबाग, शनिवार

प्रिय सुश्रुत,

शिवानीच्या लग्नाच्या पंगतीत तुझा उजवा हात मसालेभातात होता, डाव्यात ताकाचा पेला, फोन खिशात. आणि माझ्या फोनवर तू इस्पिकची राणी टाकलीस! गुडघ्यांमुळे आई श्रीवर्धनला घरीच राहिलेली, तिचा फोनवरचा रोजचा मेंढीकोट चुकू नये म्हणून मी नि अजेय पंगतीतूनच डाव्या हाताने खेळत होतो. आपल्या या चुलतभावाने भावंडांच्या ग्रुपवर लगेच दवंडी पिटली, "सुश्रुतदादा जेवतोय आणि सुश्रुतदादाच जिंकतोय!" तुझ्या नावाने बॉट, म्हणजे यंत्रच खेळतं, हे असं उघड झालं. आई त्या ग्रुपवर नाही, हे तुझं नशीब.

त्यावर तुझा बचाव वकिलाला शोभेल असा. सगळेच बॉट वापरतात, खुर्ची रिकामी राहिली तर खेळाची कंपनीसुद्धा बॉटच बसवते, आणि आई जिंकतेय ना ताई, मग बिघडलं काय? अजेयने याला चक्क लबाडी म्हटलं. पण तो हरत होता, त्याची तत्त्वं हरल्यावरच जागी होतात. मग तू विषय आपल्या बागेतल्या पंपावर नेलास. हाताने शिंपणं बंद करून पंप बसवला, तेव्हा ताई का नाही बोलली? अरे शहाण्या, पोफळीला पाणी लागतं, ते कोण घालतंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आई दिवा लावून फोन घेऊन ओट्यावर बसते ती तुझ्यासाठी. नुसती पानंच पिसायची असती तर शेजारची शकू आहे की.

आणि तू भिडू म्हणून काय लायकीचा होतास, तेही सांगते. हातात हुकुमाची दश्शी आली की आई पूर्वी नाक खाजवायची. फोनवर नाक दिसत नाही, म्हणून पान टाकायला मुद्दाम उशीर लावायला लागली. ती खूण कळली की तू ताबडतोब हसरं तोंड पाठवायचास. म्हणजे तुला कळलं हे समोरच्या आम्हा दोघांना, मला नि अजेयलाही कळायचं, आणि आम्ही दश्शी पळवायचो. "गाढव आहे माझा भिडू," असं आई म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच भिडू मागायची.

परवा तिने पुन्हा उशीर लावला. बराच लावला. तुझ्या यंत्राने अचूक पान टाकलं, दश्शी घरात आणली, डाव जिंकला. हसरं तोंड आलंच नाही. आईने फोन खाली ठेवला. "निवेदिता, हा सुश्रुत नाही. त्याच्या जागी कोणीतरी बसलंय. काय झालंय माझ्या पोराला? माझ्यापासून लपवू नकोस."

हे ती ओट्यावरून बोलली नाही, इथल्या, अलिबागच्या हॉस्पिटलच्या खाटेवरून बोलली. बागेत ओल्या झावळीवरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. उत्तम झालं, घाबरू नकोस. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली होती, ती मी परवाच मोडली. फोन केला तर कट झाला. निरोप पाठवला, "आईचं ऑपरेशन झालं, फोन कर." डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर, "ओके ताई, नंतर बोलू." माझा भाऊ आळशी आहे, अतिशहाणा आहे, पण आईच्या ऑपरेशनवर 'ओके' म्हणणारा नाही. म्हणजे निरोपांवरही तू यंत्रच बसवलंयस. म्हणून हा कागद, कुरिअरने, तुझ्या हातात. डॉक्टर तिला उभी करायला बघताहेत आणि ती तुझा आवाज ऐकल्याशिवाय पाय जमिनीला लावायला तयार नाही. असशील तिथून, आत्ता फोन कर. काय बोलावं सुचलं नाही तर बागेत कशाला कडमडलीस म्हणून ओरड तिच्यावर. पुढे तिला चालवायचं माझ्याकडे लागलं.

यंत्राची नव्हे, तुझीच,
निवेदिताताई