जुन्या बंगल्याला जोडलेली खोली

आई, बाबांची खोली पूर्ण झाली. सगळ्यात आधी तुला सांगावंसं वाटलं, म्हणून भरदुपारी लिहायला बसले आहे. बाबा आत झोपलेत.

त्यांच्या निवृत्तीनंतर कारखान्याची वसाहत सोडून आपण ईदगाह हिल्सवरच्या या नवाबी काळातल्या बंगल्यात आलो, आणि जाण्याआधी तू इथे जेमतेम एक हिवाळा राहिलीस. आता बाबांना जिना चढवत नाही. खाली झोपण्याजोगी खोली नाही, म्हणून मागच्या अंगणात एक वाढवायची ठरली. "लोकांची घरं बांधतेस, एक खोली बापालाही काढून दे," म्हणाले. मी हौसेनं नकाशा काढला, जुन्यासारख्याच कमानी, तसेच खांब. बाबा बराच वेळ बघत राहिले. "सुंदर आहे. पण ही तर पहिल्यापासूनच होती असं वाटेल. मग तुझी आई राहिली ते घर कुठलं?"

डोळ्यांपुढे आलं ते इंद्रपुरीजवळच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. कारखान्याचा भोंगा नुकताच झालाय, तू मागच्या दारात पाट टाकून मेथी निवडते आहेस, कारण आत खिडकीच नाही. भिंत सरकारी, तिला हात लावायची सोय नाही. मी फाटलेल्या फ्रॉकला त्याच रंगाचं ठिगळ लावून तुला दाखवते. तू टाके उसवतेस. "फाटलंय तर फाटलंय. लपवायला गेलं की जास्त दिसतं. चांगलं पिवळं लाव." मी रडते आणि पिवळं लावते.

दुसरा नकाशा पोलादाचा आणि काचेचा झाला. जुन्या भिंतीला न टेकवता खोली थोडी दूर उभी केली, मधे काचेची अरुंद वाट. मिस्त्रींनी विचारलं, "दीदी, पुराने से मिला दें?" मी नको म्हटलं. आता ऊन कलतं तेव्हा जुन्या चुन्याची भिंत काचेत उतरते, पाण्यात उतरावी तशी, आणि क्षणभर कळत नाही आपण कुठल्या घरात उभे आहोत. बाबा तिथे तासन्‌तास बसतात. काल म्हणाले, "इथून तिचा बंगला पुरता दिसतो ग."

मग पूर्वेच्या खिडकीखालच्या, चहा करायच्या कट्ट्यावर हात टेकून म्हणाले, "हा जरा खाली झालाय. मला वाकावं लागतं. मिस्त्री चुकला वाटतं."

मी म्हटलं, "असू दे, बाबा."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मिस्त्री चुकला नाही. खोली बाबांची म्हणून काढली, पण त्या कट्ट्याला उंची मी तुझी धरली.